दोन कन्सोल, एक हॉल

आदरणीय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? व्याह्यांचा खोकला कसा आहे? (औषध घेत नसतील तर माझं नाव सांगून दटावा, लग्नातल्या बोलाचालीपासून ते मला जरा वचकूनच असतात.) मी इथे मजेत आहे. जावयाकडे फार दिवस राहू नये म्हणतात, पण तुमच्या चिरंजीवांनी माझी बॅग माळ्यावर टाकलीय आणि माझा हात तिथवर पोचत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, जावई एका कंपनीचे खेळाचे डबे दुकानादुकानांत खपवतात आणि माझी लेक दुसऱ्या कंपनीत तसलेच डबे तापू नयेत म्हणून आतले पंखे बसवते. (टीव्हीला जोडून गाड्या पळवतात ना, ते. खरं नाव कन्सोल. डबा म्हटलं की दोघंही दुखावतात. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत आहे.) या दोन कंपन्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकीने नवा कन्सोल आणतेय म्हटलं की दुसरीच्या पोटात गोळा. त्यामुळे जेवताना ऑफिसचा विषय बंद, कारण कंपनीची गुपितं! मग दोघंही माझ्याशीच बोलतात. माझ्या कंबरेची एवढी विचारपूस माझ्या बाळंतपणातही कुणी केली नव्हती.

मध्यंतरी जावयांचे साहेब चहाला यायचे होते. लेकीच्या कंपनीचा कन्सोल हॉलमध्ये दिसला तर बरं दिसणार नाही, म्हणून तो लपवायचं काम माझ्याकडे आलं. तो नेमका पोटात बॅटरी असलेला, उचलून कुठेही नेता येणारा. मी तो चालू होता तसाच उचलला आणि तेवढ्यात बेल वाजली. घाबरून मी खुर्चीत बसले, कन्सोल मांडीवर घेतला आणि वरून शाल पांघरली. साहेब समोरच बसले. मांडी तापायला लागली. शाल घूं घूं करायला लागली. साहेबांना वाटलं मांजर आहे, आणि मीही मान डोलावली. (खोटं बोलले नाही, नुसती मान डोलावली.) पण माझं बोट कुठे पडलं देव जाणे, शालीतून खणखणीत आवाज आला, ‘खेळाडू दोन, तयार व्हा!’ जावई बशीसारखे पांढरे पडले. साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “आमच्या घरीही हाच आहे. मुलं आमचा घेऊच देत नाहीत. कुठे बोलू नका.”

हसलात ना? हसून घ्या. पुढचं हसण्यासारखं नाही.

मागच्या महिन्यात दोघांचेही नवे कन्सोल एकाच आठवड्यात बाजारात आले. जावयांच्या कन्सोलसाठी दुकानांबाहेर रांगा, आणि लेकीचा काचेआड नुसता धूळ खात. तिच्या पंख्यात काही खोट नव्हती हो, पण त्यावर खेळायला खेळच फार थोडे. कंपनीने तिचा अख्खा विभाग बंद केला. ती भरदुपारी घरी आली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच. जावयांच्या ऑफिसात त्या संध्याकाळी मेजवानी होती. पोट बिघडलंय असं सांगून ते घरी आले आणि कांदे चिरत बसले. तेव्हापासून ते घरात चोरासारखे वावरायचे. बाहेर दिवसभर आपल्या कन्सोलची आरती ओवाळायची आणि दारात आलं की तोंड शिवून घ्यायचं. कंपनीने त्यांनाही एक नवा कन्सोल दिला होता. तो त्यांनी चपलांच्या कपाटात बुटांमागे दडवला. मी पाहिलं, पण गप्प बसले.

परवा लेक सॅंडल शोधायला गेली आणि तिच्या हाती खोकं लागलं. जावई दारात उभे. “मी परत देणार होतो,” म्हणाले.

“स्क्रूड्रायव्हर आण,” ती म्हणाली.

मी म्हटलं, संपलं सगळं. ती तिथेच जमिनीवर बसली, कन्सोल उघडला, बराच वेळ आत पाहिलं, बोटाने पंखा फिरवला. म्हणाली, “बरा बसवलाय. पण आवाज करत असणार.”

“करतो,” जावई म्हणाले. “गिऱ्हाइकं कटकट करतात. तुला सांगता येत नव्हतं.”

विहीणबाई, ती आधी हसली आणि मग नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा रडली. जावई तिच्याजवळ चपलांच्या पसाऱ्यात बसून राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे मी ऐकत नाही असं त्यांना वाटावं. (ऐकू येतच होतं.) मुलगा चांगला वाढवलात तुम्ही. हे लग्नातच म्हणायला हवं होतं, पण तेव्हा आपण बोलत नव्हतो.

व्याह्यांना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमच्या सुनेची आई

ता. क. नोकरीचं ती स्वतः तुम्हाला सांगणार आहे. तोवर फोनवर काही विचारू नका, आणि सांगेल तेव्हा नव्यानेच कळल्यासारखं करा. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. आणखी एक. जावई तिला म्हणतात, आमच्याच कंपनीत अर्ज कर. ती म्हणते, मग जेवताना गप्प कशावर बसायचं? मुलाखती सुरू आहेत. दोघंही दिवसभर बाहेर असतात.

ता. क. तर मुद्दा असा, की गुडघा बरा असेल तर महिनाभर इकडे या. गाड्यांच्या शर्यतीला मला जोडीदार नाही. ही दोघं रात्री माझ्याशी खेळतात तेव्हा मुद्दाम हरतात. तुमच्याकडून तसलं काही होईल अशी मला मुळीच भीती नाही.