दिवसाउजेडी आडवं

अण्णा, मी आता सायकल चालवते आणि ती आडवी पडून चालवते. हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही आधी खोटं म्हणाला असतात आणि मग विचारलं असतंत, आडवी पडून का? तर ऐका. तिला तीन चाकं आहेत, दोन पुढं, एक मागं. बसायची जागा जमिनीपासून जेमतेम हातभर उंच, आरामखुर्चीसारखी मागं कललेली, आणि पायडल समोर, पाय लांब करून मारायचे. मागं काठीला नारिंगी फडकं बांधलंय, ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून. तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या जावयानं पुण्याहून कुणाची तरी जुनी शोधून आणली. पहिल्याच दिवशी चौकातल्या पोलिसानं हात करून थांबवलं आणि काळजीनं विचारलं, "मावशी, पडलात का?" मी म्हटलं, नाही हो, ही अशीच असते. "बरं बरं, सावकाश जावा," म्हणाला आणि रहदारी अडवून मला जाऊ दिलं.

दोन चाकांची सायकल सुटली त्याला पुष्कळ वर्षं झाली. तोल राहत नाही. नसांवरचं वेष्टण झिजत जाण्याचा आजार आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. बरा होत नाही. मधूनच झटका देतो आणि जाताना काहीतरी घेऊन जातो. डाव्या पायाला गार-गरम कळत नाही, आणि ऊन लागलं की दोन्ही पाय परक्याचे होतात. डॉक्टरीणबाई दर खेपेला एकच सांगतात, दुपारी पडायचं म्हणजे पडायचं, नाहीतर आहेत तेही पाय जातील. मी हो म्हणते आणि घरी येऊन खुर्चीत बसते. मला पडता येत नाही, अण्णा, आणि ते तुमच्यामुळं. हे रागानं लिहीत नाहीये. पूर्वी राग यायचा, चांगला यायचा. आता त्याचंही पायासारखंच झालंय, टोचून पाहिलं तरी कळत नाही.

ते दिवस आठवा, मी कॉलेजात आहे. पाय जड झालेत म्हणून स्वयंपाकघरात चटईवर पडलेय, तिथली फरशी गार असते. तुम्ही कारखान्यातून येता, दारात चपला वाजतात. "दिवसाउजेडी आडवी काय पडली? ऊठ." मी म्हणते, अण्णा, पायात मुंग्या आल्यात, जातच नाहीत. "मुंग्या चालल्यावर जात्यात. ऊठ." तुम्ही ओरडत नाही. मी उठेपर्यंत नुसते उभे राहता. मी भिंत धरून उठते, आणि मग तुम्हीच स्टोव्ह पेटवून मला आलं ठेचून चहा करून देता. आपल्या घरात ताप आला तरी दिवस मावळेस्तोवर कुणी पाठ टेकली नाही. तुम्ही स्वतः रात्रपाळी करून यायचात आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावायचात. आई म्हणायची, अहो, पडा की जरा. "का? मेलो का मी?" पुढं माझे पाय फारच कुरकुरायला लागले तेव्हा शहागंजच्या बाजारातून हातांची जुनी लाकडी खुर्ची सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आलात. "इथं बस. लागंल तेवढी बस. पडू नको." तुमच्याकडून तेवढं झालं, आणि ते काही थोडं नव्हतं.

तुम्ही गेलात तेही असेच, रात्रपाळीहून येऊन भिंतीला टेकलेले. आईनं चहाला हाक मारली तेव्हा कळलं. शेजाऱ्यांनी तुम्हाला खाली घेतलं आणि मी तुम्हाला पहिल्यांदा दिवसा आडवं पाहिलं. दहाव्याला कन्नड गावाहून तुमची थोरली बहीण आली होती. ती म्हणाली, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या उन्हाळ्यात आमची माय भर दुपारी जरा पडते म्हणून आडवी झाली ती उठलीच नाय. तुम्ही लहान होतात, शेजारीच खेळत होतात. माय झोपलीय म्हणून दिवेलागणीपर्यंत कुणाला सांगितलं नाहीत, उलट आवाज करणाऱ्यांना गप्प केलंत. "तवापासून त्यानं कुणाला दिवसा पडू दिलं नाय," आत्या म्हणाली. मला भडभडून यायला हवं होतं. मी तिच्या ताटात भात वाढला. माझ्या आजाराला नाव मिळालं ते त्यानंतर, म्हणजे तुम्हाला तुमच्या मायचं आणि माझ्या आजाराचं काहीच न बोलता जायला मिळालं.

तर म्हणून ही सायकल. हिच्यावर पडलं तरी पाय चालू असतात, म्हणजे काम चालू असतं, म्हणजे तुम्हाला बोलायला जागा नाही. रोज सकाळी छावणीतून दौलताबादच्या रस्त्याला लागते आणि ऊन चढायच्या आत घरी येते. परवा निघायला उशीर झाला. ऑक्टोबरचं ऊन, डोक्यात जाणारं. वडाखाली सीताफळं घेऊन बसलेल्या एका बाईपाशी पोचले आणि पाय गेले. दुखत नाहीत, नुसते नसतात. ब्रेक लावला, नवऱ्याला फोन केला. तो करमाडला कामावर, गाडी घेऊन यायला वेळ लागणार होता. मी मान ताठ धरून तशीच बसून राहिले, कारण पाय थांबले होते, आणि आता टेकले असते तर ते निव्वळ पडणं झालं असतं. बाई बघत होती. "क्या हुआ, बाई?" म्हटलं, पाय चालंनात, आजार आहे, डॉक्टर पडायला सांगतात. "मग पडा की." म्हटलं, दिवसाची पडत नाही मी. ती हसली नाही. टोपलीवरचं फडकं कॅनच्या पाण्यात भिजवून, पिळून माझ्या कपाळावर ठेवलं आणि म्हणाली, "लेट जाव. कौन उठाने आरा?"

खरंच, मला उठवायला कोण येणार होतं? मी मान टेकली. डोळे मिटून तेच तुमच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला, पड गं जरा, पड. जमलं नाही. तुमचा आवाज मला लख्ख आठवतो, पण त्यात तो शब्दच नाही, ऊठ एवढाच आहे. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, प्रत्येक वेळी तुम्ही ऊठच म्हणालात. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये म्हणून खरं ते लिहिते. मग मी रडले, असं इथं लिहायचं मनात होतं, तुमच्यासाठी. रडू आलं नाही, अण्णा. झोप लागली.