खिडकीबाहेर धरलेला ट्रान्झिस्टर

३ फेब्रुवारी १९६६, अमरावती

आज ट्रान्झिस्टर घेतला. चामड्याचं कव्हर, खांद्याला अडकवायला पट्टा. राजापेठेत अशी वस्तू दुसऱ्या कुणाकडे नाही. समोरच्या कंपाउंडरकडे आहे, पण तो खरखरतो. रेडिओ ठेवायचं लायसनही लगेच काढलं, कटकट नको.

घेण्यामागे विचार आहे. या महिन्यात उत्तमरावदादाच्या पोरीचं लग्न आहे, नाशिकला. बडनेऱ्याहून पॅसेंजर, म्हणजे अख्खा दिवस डब्यात. प्रवासात नवरा रिकामा दिसला की बायका विषय काढतात. कानाशी रेडिओ असला की काढत नाहीत. हा माझा अनुभव नाही, अंदाज आहे. पण माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

४ फेब्रुवारी

विषय असा. मनकर्णाला अकोल्यात, जठारपेठेतल्या शाळेवर मास्तरणीची नोकरी मिळते आहे. एक मार्चला हजर व्हायचं. राहायला माहेर आहेच.

मी स्त्रीशिक्षणाच्या बाजूचा माणूस. जिल्हा परिषदेत आमच्या टेबलावर सगळ्यांना माहीत आहे. तिचं मास्तरकीचं पी.टी.सी. लग्नानंतर झालं, माझ्या परवानगीने. फी सासऱ्यांनी भरली, पण परवानगी माझी. मात्र शिकणं वेगळं आणि अकोल्याला जाऊन राहणं वेगळं. ती म्हणते, "हो म्हणा, नाही तं नाही म्हणा. एक काहीतरी म्हणा." मी म्हटलं, विचार करून राहिलो. दिवाळीपासून करतो आहे. घाई मला मानवत नाही.

ठराव: निर्णय प्रवासात घ्यायचा. जाताना. शांतपणे, मंद संगीत ऐकत.

१६ फेब्रुवारी, रात्री

बॅग भरली. नवे सेल टाकले. मनकर्णाने ट्रंक जरा जास्तच भरली आहे. लग्नाला एवढ्या साध्या साड्या कशाला, विचारलं. म्हणाली, लागतात. बायकांना कपड्यांचा सोस.

१७ फेब्रुवारी, गाडीत (अक्षर हलतं आहे)

खिडकीची जागा मिळाली. रेडिओ लावला. नुसता सूं सूं आवाज. बटण फिरवलं, कव्हर काढलं, थोपटलं. मग खिडकीच्या गजांना टेकवला, तर गाणं सुरू! डबा लोखंडाचा असल्यामुळे लहरी आत येत नाहीत, हा शोध मीच लावला. तेव्हापासून हात उंच करून रेडिओ गजांना लावून बसलो आहे.

शेजारी महादेवराव म्हणून धामणगावचे कास्तकार आहेत. तेही नाशिकलाच चाललेत, जावयाकडे, चार दिवसांसाठी. त्यांनी बाकीच्यांना बोलावलं. "या जी, रेडिओवाले आले आपल्या डब्यात." आता माझ्या सीटवर पाच माणसं आहेत आणि एक बाई पायाशी. सगळ्यांना स्पष्ट ऐकू येतं. माझा कान मात्र हाताच्या खाली येत असल्यामुळे मला चाकांचाच आवाज जास्त येतो.

अकोला

सासरे देवमनजी आणि सासूबाई केशरबाई स्टेशनवर आले होते. लेक गाडीने जायची असली की माहेरच्यांनी डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर यायचं, ही आमच्याकडची रीत. गाडी थांबते तेवढ्यात लेकीला बघायचं, डबा द्यायचा, डोळे पुसायचे. सासऱ्यांनी जयभीम घातला आणि लगेच विचारलं, "मंग जवाईबापू, काय ठरलं?"

मी त्यांना रेडिओ दाखवला. चांगला आहे म्हणाले. गाडी सुटली.

भुसावळच्या पुढे

विषय निघाला. अंदाज थोडा चुकला. मनकर्णा म्हणाली, बोलू काय? मी म्हटलं, बातम्या संपू दे. बातम्या संपल्यावर एका म्हाताऱ्याने भजनं लावायला सांगितली. नाही कसं म्हणणार? हात बदलायला गेलो तर पाच जण ओरडले, "हलू नका जी!"

निर्णय येताना घेऊ.

१९ फेब्रुवारी, नाशिक

लग्न झालं. त्रिसरण, पंचशील, हार, आटोपशीर. नंतर कळलं की बँडवाले आलेच नाहीत. उत्तमरावदादा सगळ्यांसमोर म्हणाला, आमच्या जानरावचा रेडिओ आहे ना! मला ओट्यावर स्टूल देऊन उभं केलं. पंगत उठेपर्यंत उभा होतो. माझं ताट झाकून ठेवलं म्हणाले, सापडलं नाही. नवरदेवाच्या मित्राने रेडिओ ओढला त्यात पट्टा तुटला.

मनकर्णा सगळ्या बायकांत बसून हसत होती. खूप दिवसांनी हसताना पाहिलं. प्रवासाने माणूस मोकळं होतं, हे मी म्हणत होतोच.

२१ फेब्रुवारी, परतीची गाडी

महादेवराव पुन्हा त्याच डब्यात. टाळायला गेलो तर त्यांनी उपरण्याने जागा धरून ठेवली होती. "बसजा जानरावजी, तुमची जागा थे. रेडिओची."

ठराव: आज बोलायचंच. हो किंवा नाही. जळगावपर्यंत गाणी, मग बोलणं.

जळगाव गेलं. भुसावळला बोलू.

भुसावळला कापूसवाले चढले. डब्यात मुंगीलाही जागा नाही. मनकर्णा समोर ट्रंकेवर बसली आहे. मधूनमधून माझ्याकडे बघते. मी रेडिओकडे बघतो.

२१ फेब्रुवारी, रात्री, अमरावती

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण त्यात माझी चूक नाही.

शेगावला पाय मोकळे करायला रेडिओ घेऊन उतरलो. प्लॅटफॉर्म माझ्या खिडकीच्या बाजूला होता. तिथे आवाज इतका खणखणीत की आतले सगळे म्हणाले, तो बाहेरच राहू द्या, आता नागपूरवरून बाजारभाव लागतात. तेवढ्यात शिट्टी झाली. चहावाल्याच्या हातात रेडिओ दिला, पळत आत आलो, गजांतून हात बाहेर काढला आणि रेडिओ पकडला. गाडी हलली. सगळ्यांनी वा वा केलं. आवाज खरोखर फार सुंदर येत होता.

मग हात आत घ्यायला गेलो. हात येत होता. रेडिओ गजांतून येत नव्हता. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. पट्टा असता तर गजाला बांधला असता. सोडला तर रुळावर. म्हणून धरून बसलो. तोंड खिडकीकडे, गाल गजाला, पाठ डब्याकडे. महादेवराव म्हणाले, पुढच्या ठेसनावर मी खाली उतरून घेतो बाहेरून. पण पुढची स्टेशनं पलीकडच्या बाजूला आली आणि भाव सुरू झाले. सरकीचे, मग कापसाचे. महादेवराव म्हणाले, "आता हे भाव होऊ द्या, मंग उतरतो."

याच वेळी मनकर्णाने विषय काढला. हाच वेळ सापडला तिला! मागून म्हणाली, "अजी, अकोला येऊन राहिलं. आता तरी सांगता काय?" मी म्हटलं, भाव संपू दे. ती म्हणाली, "मले एकच शब्द पाह्यजे." मला मान वळवता येत नव्हती. पुन्हा म्हटलं, भाव संपू दे. डब्यातलेही कुणी म्हणाले, "थांबा ना बाई, अकोटचा भाव येऊन राहिला."

अकोला आलं. पलीकडे सासूबाईंचा आवाज ऐकला. रीतीप्रमाणे डबा घेऊन आले असणार. मनकर्णा उतरली असणार. ट्रंक सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, आईसाठी घेतलेलं लुगडं काढते आहे. महादेवराव, "द्या इकडे वहिनी," असं काहीसं म्हणाले. बघता आलं असतं तर बघितलं असतं. गाडी सुटली.

मूर्तिजापूरला महादेवरावांनी रुळावर उतरून रेडिओ घेतला. हात आत आला तेव्हा त्याला जाणीव नव्हती. वळून पाहिलं. समोर ट्रंक नव्हती, तिथे एक पोतं होतं आणि पोत्यावर एक गृहस्थ. महादेवरावांना विचारलं, आमच्या घरचे कुठे आहेत? ते म्हणाले, "वहिनी तं अकोल्यालेच उतरल्या. ट्रंक म्याच देली खाली. तुमाले मालूम नाही काय?"

मी म्हटलं, मालूम आहे.

२२ फेब्रुवारी

माहेरी गेली की दोन दिवस राहतेच. यात नवीन काही नाही. आज भात केला. खाली लागला, वर कच्चा. घरात रेडिओ अतिशय स्पष्ट येतो, हात उंच करावा लागत नाही.

२४ फेब्रुवारी

तिला माझी सवय आहे. ती फार दिवस राहू शकणार नाही. आपण होऊन आणायला गेलो तर वाईट पायंडा पडेल.

कंपाउंडरची बायको दुर्गाबाई विचारत होती, "मनकर्णाबाई दिसत नाहीत?" मी रेडिओचा आवाज मोठा केला. ती म्हणाली, "आयकू येते जी मले, मी इतंच उभी आहो."

२७ फेब्रुवारी

पोळी जमत नाही. संध्याकाळी सगळी स्टेशनं फिरवून पाहिली. एकही कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला नाही.

१ मार्च

आज एक मार्च.

३ मार्च

निर्णय घेतला. शनिवारी अकोल्याला जाऊन तिला घेऊन यायचं. रेडिओ न्यायचा नाही. चार मुद्दे काढले आहेत, पाठ केले आहेत. मुद्देसूद बोललं की मनकर्णा ऐकते. ऑफिसात रजा टाकली. खुशालराव हेडक्लार्क म्हणाले, काही विशेष? म्हटलं, घरी चर्चा आहे.

५ मार्च, अकोला स्टेशन

मनकर्णाची सकाळची शाळा होती. मी तिच्या माहेरच्या ओट्यावर बसून राहिलो. सासऱ्यांनी यावेळी काय ठरलं ते विचारलं नाही. पाण्याचा गडवा पुढे ठेवला आणि आत गेले.

ती आली. हाताला खडू. चेहरा उन्हाने लाल, पण चांगली दिसत होती. चार पोरी फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या, बाई बाई करत. माझ्यासमोर बसली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "बोला. आता आयकतो मी."

पहिला मुद्दा सांगितला. माझ्या जेवणाची आबाळ होते. ती म्हणाली, "दुसरा?" दुसरा खानावळीचा होता. तो जेवणाचाच झाला. तिसरा असा की डबा नसल्यामुळे दुपारी ऑफिसात डोकं दुखतं. चौथ्याशी आलो तर तो पोळ्यांचा. पाठ करताना चार वेगळे वाटले होते.

ती हसली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. ती म्हणाली, "नाशकाहून अकोल्यापावतर वाट पाह्यली मी. जा म्हणले असते तं आनंदानं गेली असती. नोको म्हणले असते तं भांडली असती तुमच्यासंग. तुमी सरकीचा भाव आयकत राह्यले."

मी म्हटलं, हात अडकला होता. ती म्हणाली, "हात अडकला होता. तोंड कुठी अडकलं होतं?"

आतून सासूबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. शेवटी मन घट्ट केलं आणि म्हणालो, "जा." दिवाळीपासूनचा निर्णय, एकदाचा घेतला.

ती म्हणाली, "मी तं गेलीच ना जी."

पोरींच्या वह्या तपासायच्या होत्या, म्हणून ती उठली. मी स्टेशनवर आलो. गाडीत आरामात जागा मिळाली, खिडकीची. गाडी अजून सुटायची आहे.

आत्ता, इथे बसल्यावर लक्षात आलं की मला तिच्याशिवाय करमत नाही. हा मुद्दा काढलाच नव्हता.