लघुग्रहाआड गेलेला तारा

९ जानेवारी २०१२
आज पुन्हा! इंजिन चालवता चालवता समोरचा सिग्नल विझल्यासारखा झाला. सवयीनं ओरडलो, 'हरा!' सहायकानं स्वतः पाहून मग ओरडायचं, असा नियम आहे. माझा सहायक धर्मपालही ओरडला, 'हरा!' म्हणजे हिरवाच होता. मग मले काहून नाही दिसला? मागं अठरा डबे माणसं, देवा!

११ जानेवारी
डोळ्यांच्या तपासणीले महिना आहे. आधीच दाखवलं तर इंजिन सुटलंच समजा. सव्वीस वर्षं! मले दुसरं येते काय? ऑफिसात फायली उचलत फिरू? विमलाले सांगतलं नाही. बायको आहे, लगेच रडन.

१४ जानेवारी
तिळगूळ गोड लागला नाही.
पण एक उपाय सापडला! गच्चीवरून तारे पाहायचा माझा जुना नाद कामी येईन. मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक लघुग्रह — सारा लोखंडाचा म्हणतात, आपल्या रेल्वेच्याच खात्यातला! — परवा पहाटे एका ताऱ्यापुढून जाऊन राहिला. बारा सेकंद तारा दिसणार नाही. सावली जराशी सरकली तर रायपुरातून विझणारही नाही म्हणा. पण विझला अन् मी टिपला, तर डोळा शाबूत! डॉक्टर गेला खड्ड्यात.

१६ जानेवारी
गेला! तारा गेला!
पुरानी बस्तीतली आमची गच्ची, पाच वाजून बारा मिनिटं. मी मोठ्या दुर्बिणीवर, पोरगी क्षमा छोटीवर. तिले इंजिनातला नियम शिकवला होता — मी ओरडीन, तू पाहून ओरडायचं. मी ओरडलो, 'गेला!' पोट्टी ओरडली, 'गया!' चौदा सेकंद मोजले, सांगतल्यापेक्षा दोन जास्तच! ढसाढसा रडलो. विमला खालून, 'का झालं? पडले का तुम्ही?' नाही गं बाई, चांगला उभा आहो!

१७ जानेवारी, दुपार
ड्युटीचा डबा भरून राहिलो होतो. क्षमा दारात येऊन उभी.
'बाबा, तारा वहीं था. पूरा टाइम चमक रहा था.'
मग 'गया' काहून म्हटलंस?
'आप इतने खुश थे... आपके पीछे बोल दिया.'
रागावलो नाही. डबा तसाच बाजूले ठेवला. धर्मपाल तर रोज माझ्या पाया पडून इंजिनात चढते! तोही माझ्यामागूनच ओरडत असन काय?

१७ जानेवारी, संध्याकाळ
ड्युटीची सही केली नाही. तपासणीचा अर्ज दिला. धर्मपालले विचारलं, त्या दिवशी सिग्नल पाहिला होतास? म्हणे, 'सर, आपने बोला था न.'
हिरवा होता की लाल, दोघांलेही माहीत नाही.