आवाज स्पष्ट येतो आहे

प्रिय बबडे,

तुझा निरोप मिळाला. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी फोनमधून वाचून दाखवला, तोही माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून, त्यामुळे तू काय विचारलं आहेस ते आता अख्ख्या जिन्याला माहीत झालं असेल. बाबा गेल्यावर इतक्या लवकर नवा व्हिडिओ टाकलास म्हणून मी रागावले का, असं तू विचारतेस. एरवी तुझ्या प्रत्येक व्हिडिओखाली पहिला बदाम माझा असायचा आणि या वेळी काहीच नाही, म्हणून तुझा जीव टांगणीला लागला आहे. मला पटत नसेल तर तू हे सगळं कायमचं बंद करणार म्हणतेस. फोनवर उत्तर दिलं असतं, पण माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. तू रडत असशील आणि मी आपली इकडून हो हो, जेवले म्हणत बसेन. म्हणून कागद घेतला. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

आधी घरातलं सांगते. बाबांचे कपडे अजून कपाटातच आहेत. तुझी मावशी मदतीला येते म्हणाली, मी नको म्हटलं. तिला घड्या घालायची भारी हौस आणि मला त्या घड्या एवढ्यात मोडायच्या नाहीत. बाहेरच्या खोलीतला जुना फोन बंद होऊन किती दिवस झाले, तरी तो मी रोज पुसते. त्याची जोडी आतल्या खोलीत होती, आठवतं ना? एक उचलला की दुसऱ्यावर सगळं ऐकू यायचं. त्या दोन फोनांवरून आपल्या घरात जे झालं ते मला नीट सांगायचं आहे. तू तुझ्या बाजूने सांगून झालं आहेस, हजारो लोकांना. बाबांची बाजू ऐकलेली मी एकटीच उरले.

तुझ्या जन्माआधी बाबा फोनच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोक परगावचा फोन मागायचे, मग बाबा दोन्हीकडच्या तारा जोडायचे, दोघांनाही विचारायचे, आवाज स्पष्ट येतो आहे का, आणि हो म्हटलं की कळ फिरवून आपला कान काढून घ्यायचे. त्यापुढचं ऐकायचं नाही आणि ऐकू आलंच तर विसरायचं, हा त्यांचा नियम. नोकरीचा होता, पण यांनी तो घरीही आणला. माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, तो फोन यांनीच जोडला होता. मुलाकडच्यांचं पहिलं वाक्य कळ फिरवायच्या आत कानावर पडलं. घरी आले, हातपाय धुतले, जेवले, भाजीत मीठ कमी आहे एवढं मात्र म्हणाले. मला दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. मी अबोला धरला, तर हा माणूस मला समजावतो की दुसऱ्याच्या तोंडची बातमी आपण चोरू नये. माझ्या सख्ख्या बहिणीची बातमी, आणि म्हणे दुसऱ्याची. असं हे ध्यान होतं. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, बाबांना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं, पण कळ फिरवायची सवय गेली नाही.

तुझा संसार मोडत होता तेव्हा तू मला फोन करून रडायचीस. एकदा मी बाहेर उचलला आणि त्याच वेळी बाबांनी आत. तुझं रडणं त्यांनी ऐकलं. मग खट् आवाज झाला. तो तुलाही ऐकू आला आणि तू क्षणभर गप्प झालीस, ते माझ्या लक्षात आहे, तेव्हा माझे कान धड होते. बाबा आतून बाहेर आले नाहीत. रात्री जेवताना काही बोलले नाहीत, पुढेही तुला कधी विचारलं नाही. तू वाट पाहत राहिलीस आणि त्या खट् आवाजाचा अर्थ तू लावलास की बाबांनी तुला टाकलं. बबडे, तुझ्या जागी मी असते तर मीही तोच लावला असता. यांना मात्र वाटत होतं की आपण मुलीची लाज राखली. तिने आईला सांगितलं आहे, आपल्याला नाही, तेव्हा आपण कान काढून घ्यायचा. तुझ्यावरची माया दाखवायची त्यांना तेवढी एकच रीत माहीत होती आणि ती नेमकी तुझ्या वर्मी लागली.

मग तुझा तो पहिला व्हिडिओ आला. खोलीत एकटी बसून तू सगळ्या जगाला संसाराचं सांगितलंस, आणि मग त्या खट् आवाजाचंही सांगितलंस. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. मला तर धड कळेना काय झालं, पण बाबांनी डोक्यात राख घालून घेतली. ज्या माणसाने जन्मभर गावाची गुपितं गिळली, त्याच्याच घरातलं त्याच्याच मुलीने चव्हाट्यावर मांडलं, असं त्यांना झालं. तुला ते फोनवर म्हणाले की घरातलं विकून शाबासक्या मिळवू नकोस. फार वाईट बोलले. मी समोर उभी होते, हात धरला असता तर बरं झालं असतं, पण तोंडातून शब्द निघून गेला होता. तू त्यांना सगळीकडून बंद करून टाकलंस, फोनवरून आणि त्या तुझ्या पानावरूनही. त्यानंतर ते इथे आणि तू तिथे, मधे मी, दोघांना एकमेकांची तब्येत सांगणारी. तू मला म्हणायचीस, त्यांना काही फरक पडत नाही. मी हूं म्हणायचे. त्या हुंकाराचं आज मला फार वाईट वाटतं, पण मला शपथ घातलेली होती.

कसली शपथ ते सांगते. त्याच वर्षी माझं खातं उघडलं गेलं. फोटोही चांगला लावला, मावशीचं पुढे दुसरीकडे जमलं त्या लग्नातल्या घोळक्यातून कापून घेतलेला, त्यात माझ्या खांद्याला लागून कुणाची तरी पांढरी बाही दिसते. तुझ्या प्रत्येक व्हिडिओखाली बदाम पडायला लागला आणि एकच वाक्य, आवाज स्पष्ट येतो आहे, खाली सही, तुझी आई. तू मला हसलीस की आई, तिथे नाव आपोआप येतं, सही करायची नसते. तुझ्या मैत्रिणींना मात्र ती सही आवडायला लागली. मी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा एकदा मी ओल्या केसांनी न्हाणीघरातून बाहेर आले आणि तू फोन नाचवत म्हणालीस, आंघोळ करता करता बदाम पाठवतेस होय गं? मी म्हटलं, हात मोकळे होते. तू पोट धरून हसलीस. मी तुझ्याकडे पाठ करून केस पुसत राहिले. तुला तेव्हाही शंका आली नाही. आणि अगं, जिला दारावरची घंटा ऐकू येत नाही ती बाई आवाज स्पष्ट येतो आहे असं कशी लिहील, याचीही आली नाही.

ती बाही बाबांची आहे. ते खातंही त्यांचंच. मला फोनचं ते काच घासणं आजवर जमलेलं नाही.

आधी ते चिडूनच बघायचे. आता काय नवीन उधळलं ते बघू, असं पुटपुटत चष्मा लावायचे. मग तुझ्या व्हिडिओखाली लोक काय लिहितात ते वाचायला लागले. कुठल्या कुठल्या बायका, तुला कधी न भेटलेल्या, लिहायच्या की माझ्याही घरी असंच झालं, आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगते आहे. ते बाबा पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. एकदा मला म्हणाले, हेही एक्स्चेंजच आहे गं, फक्त मधला माणूस काढून टाकला आहे. आम्ही ऐकलेलं गिळलं म्हणून लोकांची अब्रू राहिली असं मी समजत होतो, आणि ही पोरगी सांगते म्हणून लोकांना श्वास येतो. त्यांना ते पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. तू जेवणाच्या ताटाचा फोटो टाकलास की शेवटपर्यंत कपाळाला आठ्या घालायचे. पण एकही चुकवला नाही. कुणा मेल्याने तुझ्याबद्दल घाण लिहिलं होतं, तेव्हा दुपारभर बसून एकेक अक्षर शोधत त्याला लांबलचक उत्तर लिहिलं, वाचलं, आणि पुसून टाकलं. त्याच्याखाली दुसऱ्यांदा लिहिलं, आवाज स्पष्ट येतो आहे. तू त्यावर विचारलंस, आई, दोनदा का? आठवतं?

मी किती वेळा सांगितलं की स्वतःच्या नावाने लिहा, माफी मागा, पोर विरघळेल. म्हणायचे, ऑपरेटरने आपलं नाव सांगायचं नसतं. मी म्हणायचे, तुम्ही ऑपरेटर नाही, बाप आहात. मग पेपर तोंडापुढे धरायचे. खरी गोष्ट अशी की ते भीत होते. तू हाही रस्ता बंद केलास तर उरायचं काय, ही भीती. माझ्या वाढदिवसाला तू लिहिलंस की सगळ्या जगात एकच माणूस माझं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतं, ती माझी आई. बाबांनी मला ते मोठ्यांदा वाचून दाखवलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, अभिनंदन. मला इतका राग आला त्यांचा, इतकी दया आली, की मी चहाचं पातेलं तसंच गॅसवर सोडून गच्चीत जाऊन उभी राहिले. कुणाच्या वाटचं कौतुक मी खात होते, ते मलाच ठाऊक.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, बबडे, की मी रागावलेली नाही. बदाम आला नाही, कारण पाठवणारा गेला. नर्सबाईंना मी काल तुझा नवा व्हिडिओ लावायला सांगितला. तुझा मी पाहिलेला तो पहिलाच. त्यात तू म्हणतेस की बाबा माझा एक शब्दही न ऐकता गेले, हे नर्सबाईंनी मला तीनदा ओरडून सांगितलं आणि स्वतःच रडायला लागल्या. म्हणून हे लिहायला बसले. बाबांनी तुझा शब्दन् शब्द ऐकला. माझी शपथ मी मोडली आहे, मी वर गेले की त्यांना जे काय भांडायचं ते भांडू देत. हे पत्र कपाटात ठेवायचं की तुझ्या त्या माणसांना वाचून दाखवायचं ते तू ठरव, मी आता कुणाच्याच तोंडाला कुलूप घालणार नाही. फक्त बंद करू नकोस. बदाम कुठे दाबायचा ते नर्सबाई मला शिकवणार आहेत. तुझा चेहरा दिसतो, ओठ हलताना दिसतात. आवाज मला स्पष्ट येत नाही, पण मी बसून आहे.

तुझीच,
आई