दिवस मावळल्यावरचं ताट

ती. भरतेशदादास,

आईचं रात्री न खाण्याचं व्रत मोडलेलं नाही, असं मी फोनवर सांगितलं ते खोटं होतं. अल्झायमरमुळे जेवल्याचं ती विसरते आणि अंधार पडल्यावर भुकेनं रडते. मग पडदे ओढून, दिवे लावून, "अजून दुपारच हाय," म्हणत मी तिला भरवते.

काल घास तोंडात असतानाच ती थांबली. "कीर्ते, दिस बुडालाय न्हवं? लेक असून फसवलंस व्हय गं मला?" तिनं घास थुंकून टाकला. दहा मिनिटांनी पुन्हा जेवायला मागितलं. मी पुन्हा वाढलं.

सांगलीतल्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे. तिथं सगळ्यांना रात्री आठलाच वाढतात. तू अडवशील, म्हणून हे पत्र पाठवत नाही. येत्या सोमवारी, सतरा तारखेला, मी तिला तिथं सोडून येणार आहे.

तुझी,
कीर्ती