कौसाबाईची नथ कोणत्या बाजूला

मी, चिंतामणी रघुनाथ वर्तक, वय एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार कुळगाव, बदलापूर, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवतो. आज मला कोणी धमकावलेले नाही. धमकावले होते ते चार वर्षांपूर्वी. हा लखोटा माझ्या मरणानंतरच फोडावा.

१. राहते घर पत्नी उमा हिला. मागच्या दाराला दुसरी कडी बसवून घ्यावी. मी रोज तीनतीनदा कडी तपासतो म्हणून ती हसते. कारण तिला कधी सांगितले नाही.

२. पोस्टातली शिल्लक व मोठा कॅमेरा मुलगी वृंदा हिला. शेजारी नाथा याच्याकडून माझी शिडी परत आणावी. सहा वर्षे "उद्या देतो" चालले आहे. मेलो तरी सोडणार नाही.

३. स्टेशनांच्या फोटोंच्या मूळ काचा (निगेटिव्ह), सुमारे दोनशे, धाकटा भाऊ बाळ याला. कल्याणपासून कर्जतपर्यंत कुठल्याही फलाटाचा फोटो दाखवा, पाटी नसली तरी मी जागा सांगतो, अशी माझी ख्याती. उल्हासनगर कॅम्पातले लोकही जुने फोटो घेऊन माझ्याकडे येत. हीच ख्याती हिंदुरावाच्या मुळावर आली.

४. सन १९५३ च्या होळीला, संध्याकाळी पाचच्या सुमारास, अंबरनाथला मारामारीत एक माणूस मेला. मारणारा, तालुक्यात ज्यांचा दरारा त्या दौलतरावांचा पुतण्या. आळ आला आमच्या गावच्या हिंदुरावावर. तो त्या वेळी बायको कौसाबाई हिला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला बदलापूरच्या फलाटावर उभा होता. मीच दोघांचा फोटो काढला होता. त्याने कोर्टात सांगितले, आण्णांना, म्हणजे मला, विचारा.

साक्षीच्या आदल्या दिवशी दौलतराव दुकानात आले. चहा प्याले, वृंदाच्या अभ्यासाची चौकशी केली. उठताना म्हणाले, "पोर रोज गाडीने शाळेत एकटीच जाते ना, आण्णा?" माझी पाचावर धारण बसली.

बदलापूर आणि अंबरनाथ, दोन्ही फलाटांवर तसलीच छपरी, तसलीच चिंच. बदलापूरला चिंच छपरीच्या उजवीकडे, अंबरनाथला डावीकडे. मी काच उलटी ठेवून फोटो छापला. चिंच डावीकडे गेली. कोर्टात हात वर करून सांगितले, जागा अंबरनाथ. कौसाबाई माहेरी बाळंतपणात, तिची साक्ष झालीच नाही. हिंदुरावाला दहा वर्षांची सजा झाली. तो माझ्याकडे बघत होता. मी चष्मा पुसत होतो.

बाळंतीण होऊन आल्यावर कौसाबाई दुकानात आली. फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाली, "आण्णा, माजी नथ उजव्या नाकपुडीत कशी?"

मी म्हणालो, "फोटोत तसंच दिसतं, बाई."

तिला वाटत होते, जागा सांगताना माझी चूक झाली; तिचा माझ्यावर विश्वास. मान हलवून गेली. नथ डाव्या नाकपुडीत असते; कोर्टात इतके शिकलेले लोक, एकाच्याही लक्षात आले नाही. तेव्हापासून दारावर थाप पडली की मला वाटते, तिला कळले.

५. ती मूळ काच, मागे "बदलापूर" असे माझ्या हातचे लिहिलेली, कौसाबाई हिला. हे मृत्युपत्र माझी कबुली समजून वकिलाला दाखवावे.

६. इथवर लिहून काल ठेवले होते. आज डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, जपलेत तर सहा वर्षे सहज काढाल. मला आनंद झाला, खोटे का बोलू. मग घरी येताना हिशेब केला. लखोटा मेल्यावर फोडायचा, म्हणजे मी जितका जगेन तितका हिंदुराव आत. भीती अजून तेवढीच आहे. तरी वर लिहिलेली मरणानंतरची अट मी रद्द करतो. कलम चार व पाच आजपासून लागू.

उमा, आज रात्री दोन्ही दारांना कडी घाल.

सही : चिं. र. वर्तक
साक्षीदार : हरिचंद्र गणेश पोतदार, गुरुदत्त वामन केळुसकर
कुळगाव, ता. १९ नोव्हेंबर १९५७

काच व कबुलीची नक्कल आजच मिळाली.
निशाणी डाव्या हाताचा अंगठा, कौसाबाई हिंदुराव.