यादीतले पाचवे ठिकाण

शनि. १ फेब्रुवारी २०२५. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी पुन्हा नियमित. जयमाला जाऊन सहा महिने झाले. मी सावरलो आहे. मुलीला, क्षिप्राला, फोनवर तसे सांगितले. तिने विचारले, आवाज बसलाय का. म्हटले, नाही, काल दिवसभर बोललो नाही म्हणून तसा येतोय.

समोरच्या फ्लॅटमधले साळवे पती-पत्नी मेअखेर परत जाणार. दोघे जालन्याचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या चर्चने दीड वर्षासाठी इथे सेवेला पाठवले आहे. आजारी किंवा एकट्या पडलेल्या माणसांच्या घरी जाऊन बसायचे, असे काहीतरी काम. रोज संध्याकाळी साडेपाचला माझ्याकडेही येतात. बहुधा करमत नसावे. इतक्या दिवसांत त्यांना कोणी नवी मुंबई दाखवलेली नाही. मी चौतीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो. हे शहर कागदावर असल्यापासून ओळखतो.

यादी केली. १. द्रोणागिरी नोड (उरणकडची आखीव वसाहत). २. तुर्भ्याचा उड्डाणपूल. ३. भरतीचे पाणी अडवणारे धारण तलाव. ४. बेलापूर, माझे जुने ऑफिस (बाहेरून). ५. फ्लेमिंगो, नेरूळचा खाडीकाठचा तलाव.

पाचवे जयमालाचे. दर हिवाळ्यात म्हणायची, रिक्षाने वीस मिनिटे, एकदा नेऊन आणा. दर हिवाळ्यात मी पुढचा शनिवार सांगायचो. आता साळव्यांना दाखवले की ते काम झाले असे धरायचे. मेअखेरपर्यंत वेळ भरपूर.

रवि. ९ फेब्रुवारी
चर्चची माणसे आज ना उद्या धर्माचा विषय काढणार. उत्तर तयार ठेवले आहे. 'आमचे आम्हाला पुरेसे आहे.' नम्र पण ठाम. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले.
संध्याकाळी साळव्यांच्या पत्नी रूथबाईंनी विचारले, दूध रोज किती घेता. विषय निघाला नाही.

शनि. २२ फेब्रुवारी
साळव्यांकडे जालन्याहून बहीण आणि मेहुणे आले आहेत. सर्वांना द्रोणागिरीला नेले. कंटेनर, गोदामे, रस्त्यांची रुंदी. मेहुण्यांनी विचारले, इथे बघायचे काय. मी म्हटले, गटारे. एवढा उतार काढणे सोपे नसते. मग कोणी काही विचारले नाही. बहुधा विचार करत होते.
फ्लेमिंगोला वेळ उरला नाही. पुढच्या शनिवारी नक्की.

शनि. १ मार्च
पाय दुखत होता. डावा. पुढच्या शनिवारी.

शनि. ८ मार्च. दुपारी ३
गेलो. वेळ मीच काढली, भर ओहोटीची. पाणी उतरले, चिखल उघडा पडला, की पक्षी खायला येणार. साधा हिशेब.
रूथबाई जुन्या चपला घालून आल्या. म्हणाल्या, तिथे चिखल असतो. मी सांगितले की तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. चिखल होता.
पक्षी एकही नाही. दोन बगळे. साळवे सरांनी हळूच विचारले, ओहोटीला ते आत खाडीत जातात, भरतीला इकडे येतात, असे तर नसेल? शिक्षकांना अंदाज बरा असतो. परतताना शहाळी घेतली. तीन सांगायची होती, चार सांगितली गेली. चौथे रिक्षावाल्याला दिले.

शुक्र. २१ मार्च
क्षिप्राचा फोन. पुण्याला या म्हणते. सांगितले, इथे पाहुणे माझ्यावर अवलंबून आहेत. यादीतली चार ठिकाणे दाखवून झाली, पाचवे बाकी आहे.
आईच्या साड्यांचे काय करायचे, असेही विचारले. म्हटले, मे संपू दे.

शनि. १२ एप्रिल. हनुमान जयंती
पौर्णिमा, भरती साडेबाराची. बाराला निघालो. नियोजन चोख.
तलावाचे वळण दिसले तेव्हा आठवले, गॅस चालू राहिला असावा. रिक्षा वळवायला लावली. साळवे सर म्हणाले, मी जाऊन बघून येतो, तुम्ही दोघे इथे थांबा. मी नको म्हटले. गॅस बंद होता. गेले आठ दिवस पेटवलेलाच नाही, डबा रूथबाईंकडून येतो.
संध्याकाळी दोघे आले. धर्माचा विषय ते काढत नाहीत म्हणून शेवटी मीच काढला आणि नकार दिला. साळवे सर 'बरं' म्हणाले. मग विचारले, शेवग्याच्या शेंगा चालतात का.

शनि. २६ एप्रिल
ऊन.

शनि. १७ मे. दुपारी ४
आधी एकटा जाऊन पाहणी करून आलो. पाणी होते, पक्षी नव्हते. शिरवणे गावचा पोपट नावाचा एक कोळी जाळे दुरुस्त करत बसला होता. म्हणाला, "पाखरां गेली, काका. आता कोन नाय हाय. दिवालीनंतर या."
तासभर तिथेच बसलो. त्याने मला बिडी विचारली. मी ओढत नाही.

शुक्र. ३० मे. रात्री ८
साळवे उद्या पहाटे निघणार. निरोपाला गेलो. म्हटले, चार ठिकाणे दाखवली, पाचवे राहिले, चूक माझी. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

रूथबाई म्हणाल्या, "राहिलं नाही, भाऊ. आम्ही बघितलेत ते. मागच्या वर्षी, जयाताईंबरोबर."

मी विचारले, मी कुठे होतो. साळवे सर म्हणाले, सोसायटीची पार्किंगची मीटिंग होती. खूप पक्षी होते म्हणे. जयमाला कठड्याला धरून उभी होती, निघायचे नाव घेईना.

मला का सांगितले नाही, असे रूथबाईंना विचारले.

"त्याच म्हणाल्या, ह्यांना सांगू नका. बघून झालंय कळलं, तर मग नेणार नाहीत."

चहा घेतला. साखर जास्त होती.

शनि. ३१ मे. सकाळी ७
समोर कुलूप. आज साडेपाचला कोणी येणार नाही.
मागच्या वर्षीची रोजनिशी काढली. पार्किंगच्या मीटिंगची तारीख सापडली. माझ्याच अक्षरात आहे:

'शनि. २ मार्च २०२४. मीटिंग साडेतीन तास. माझे म्हणणे सर्वांना पटले. जयमाला भाजीला गेली ती उशिरा आली. भाजी नाही, चपलांना चिखल. विचारणार होतो, पण मिनिट्स लिहायची होती.'